नवापूरला धंदा हलवू का?

प्रश्न : नालासोपाऱ्यात मी पंधरा वर्षं घरदुरुस्ती, वॉटरप्रूफिंग आणि छोटी बांधकामं करतो. एक मुकादम, दोन गवंडी, आठ-दहा बिगारी. सेंट्रिंगच्या प्लेटा, टेकू, मिक्सर ठेवायच्या जागेचं भाडं आता झेपत नाही. पत्नीचं माहेर बोईसरजवळच्या नवापूरला आहे. सासरे म्हणतात, इकडेच या, गाव शांत आहे. धंदा तिकडे हलवावा का? (एक वाचक, नालासोपारा)

उत्तर : हलवा, असं माझं मत आहे. पण सगळं एकदम उचलून नको, आणि पहिल्या वर्षी जमीन घेऊन तर नकोच.

आधी काम कुठून येईल ते पाहू. नवापूर समुद्रकाठी, बोईसर स्टेशनच्या पश्चिमेला, आणि शेजारी तारापूरची औद्योगिक वसाहत. २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल धावते, तेव्हापासून बोईसर-पालघरकडे राहायला येणारी कुटुंबं वाढली. २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला. बुलेट ट्रेनचं एक स्थानक बोईसरला होतंय, आणि वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला झाली. या मोठ्या कामांच्या मागे तुम्ही लागू नका. तिथे तुमच्यासारख्याला पोटठेकेदाराच्याही खालची जागा मिळते आणि बिलं महिनोन्महिने अडकतात. तुमचं काम आहे ते जुन्या चाळी, बंगले, गाळे आणि कोळीवाड्यातली घरं दुरुस्त करण्याचं. ते तिथे भरपूर आहे, कारण समुद्राची हवा.

या हवेबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण नालासोपाऱ्याची सवय इथे चालणार नाही. खारं दव काँक्रीटमध्ये मुरतं, आतली सळई गंजून फुगते आणि स्लॅबचं पोट सुटून खाली पडतं. किनाऱ्याच्या हवेत उघड्या राहणाऱ्या आरसीसी कामाला भारतीय मानक ४५६ किमान एम ३० दर्जाचं काँक्रीट, ४५ मिलिमीटर कव्हर आणि पाणी-सिमेंटचं प्रमाण जास्तीत जास्त ०.४५ सांगतं. छोट्या कामावर सळईखाली खडीचा तुकडा सरकवून स्लॅब भरला जातो, हे तुम्हालाही माहीत आहे. नवापुरात तसं केलंत तर काही वर्षांत तेच घर तुम्हाला पुन्हा बोलावेल, आणि गावभर तुमचं नाव होईल ते वेगळं. कव्हर ब्लॉक स्वतः पाडा. बांधणीच्या तारेची टोकं आत वळवा. काँक्रीट ओतलं की पाणी मारण्यात कुचराई नको. सळई लागेल तेवढीच आणा, महिनोन्महिने उघड्यावर ठेवू नका. किनाऱ्यावरची वाळू कितीही जवळ दिसली तरी तिला हात लावू नका : तिच्यातलं मीठ सळईला खातं आणि ती उचलणं हा गुन्हाही आहे. क्रश सँड वापरा.

जमिनीचं आता. सासरे दाखवतील तो तुकडा स्वस्त असेल, पण का स्वस्त आहे हे सातबाऱ्यावर वाचा, विशेषतः इतर हक्कांच्या रकान्यात. तुम्ही स्वतः शेतकरी नसाल तर शेतजमीन सरळ विकत घेता येत नाही. आदिवासी खातेदाराची असेल तर महसूल संहितेच्या कलम ३६ अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय व्यवहारच होत नाही, आणि तो कोणाच्या तरी नावावर ‘मध्ये’ करून देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा. समुद्राजवळ सीआरझेड आहे. भरतीरेषेपासून किती मीटर बांधकामाला बंदी, ५० की २००, हे गावाच्या वर्गवारीवर ठरतं, खाडीकाठीही मर्यादा लागते. म्हणून गट नंबर नकाशावर तपासून घ्या. पहिली दोन वर्षं बोईसरला भाड्याचा गाळा घ्या आणि राहायला नवापूरला जा.

सासरे म्हणतात त्या शांततेबद्दल. हे मांगेल्यांचं, मासेमारांचं गाव आहे आणि त्यानं शांततेची किंमत मोजलेली आहे. तारापूर वसाहतीचं सांडपाणी वाहिनीतून नवापूरच्याच समुद्रात सोडलं जातं. त्यावर अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेनं २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यमापनात तारापूर ९३.६९ गुणांसह देशातलं सर्वांत प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरलं. बाहेरच्याचा धंदा आपल्या दारात आला की काय होतं, हे या लोकांनी मासळीच्या टोपलीतून अनुभवलंय. तेव्हा मिक्सर धुतलेलं पाणी खाडीकडे सोडू नका, राबिट कांदळवनात टाकू नका, रात्री ग्राइंडर चालवू नका. जावई म्हणून तुम्हाला कोणी तोंडावर बोलणार नाही. म्हणूनच जास्त जपा.

माणसांचा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. तुमचा मुकादम आणि गवंडी येणार का, त्यांची मुलं कोणत्या शाळेत आहेत, हे त्यांच्याशी बसून बोला. ते आले नाहीत तर प्लेटा हलवून उपयोग नाही. बिगारी तिकडे मिळतील. जव्हार, मोखाडा, विक्रमगडची आदिवासी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर दूरदूर जातात, पेरणीच्या आधी परततात. त्यांना घराजवळ काम मिळणं ही मोठी गोष्ट आहे. पण उचल देऊन अडकवून ठेवण्याची पद्धत तुम्ही सुरू ठेवू नका, मजुरी रोखीनं आठवड्याला चुकती करा. आणि बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीसाठी वर्षातल्या ९० दिवसांच्या कामाचा दाखला लागतो. तो तुम्ही, ठेकेदारानं, द्यायचा असतो. मागायला लावू नका.

कागदांचं फार अवघड नाही. राज्य तेच असल्यानं जीएसटी क्रमांक बदलत नाही, मात्र मुख्य पत्ता बदलल्यापासून १५ दिवसांत दुरुस्ती भरा. उद्यम नोंदणीतही पत्ता बदला. सगळीकडे ‘नवापूर, तालुका पालघर’ असं पूर्ण लिहा, कारण नंदुरबार जिल्ह्यात नवापूर नावाचं तालुक्याचं गाव आहे आणि सामान तिकडे जाऊ शकतं.

जाण्याआधी एक पूर्ण पावसाळा तिथे काढा. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तुमचंही बाहेरचं काम थांबलेलं असेल, लोक घरी भेटतात. गावातलं दुरुस्तीचं काम आगोटीच्या आधी, एप्रिल-मे महिन्यांत एकदम येतं, तेव्हा माणसं आणि माल हाताशी हवा. तोवर सासऱ्यांच्या घराची समुद्राकडची भिंत नीट करून घ्या, पैसे न घेता. येणारे-जाणारे ती रोज बघतील.