दोन तिर्र्या, दोन अठ्ठ्या आणि चोवीस

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत अमेरिकेहून आलेल्या भाच्याने आम्हाला पत्त्यांचा 'चोवीस' नावाचा डाव शिकवला. चार पानं उघडायची, प्रत्येक पान एकदाच वापरायचं आणि बेरीज-वजाबाकी-गुणाकार-भागाकार करून चोवीस आणायचे. झब्बू आणि बदाम सात बाजूला ठेवून सगळं घर याच्या मागे लागलं. पण एकदा दोन तिर्र्या आणि दोन अठ्ठ्या आल्या आणि खेळ अडला. भाचा म्हणतो होतात, सासरे (निवृत्त गणित शिक्षक) म्हणतात होत नाहीत. कोण खरं? कुठल्याही चार पानांचे चोवीस होतातच का? आणि चोवीसच का, पंचवीस का नाहीत? — एक वाचक, सातारा

उत्तर : भाचा खरा. सासऱ्यांना तोंडावर सांगणं अवघड वाटत असेल तर हे पान उघडं ठेवून स्वयंपाकघरात निघून जा.

आठाला तिनाने भागा. दोन पूर्णांक दोन तृतीयांश येतात. दुसऱ्या तिनातून ते वजा केले की उरतो एक तृतीयांश. आता राहिलेल्या आठाला या एक तृतीयांशाने भागायचं. आले चोवीस! या चौकडीला हा एकच मार्ग आहे. तो सुचत नाही याचा अर्थ गणित कच्चं आहे असा नाही. आपण पूर्ण संख्यांच्या वाटेनेच शोधत राहतो, आणि आठाला तिनाने भाग जात नाही म्हटलं की तिथूनच मागे वळतो. ज्यांनी हयातभर 'भाग जात नाही' म्हणून पोरांच्या वहीत लाल रेघ मारली, ते तर सगळ्यात आधी वळणार.

गंमत म्हणजे जुन्या पावकी-निमकीवाल्यांना असे डाव सोपे जायला हवेत. एक्का, तिर्री, चौकी आणि छक्की घ्या. तीन भागिले चार म्हणजे पाऊण. एकातून पाऊण गेला, पाव उरला. आता सहाला पावाने भागायचं, म्हणजे सहात किती पाव मावतात ते बघायचं. चोवीस पाव सहा हे पावकी घोकलेल्या माणसाला झोपेतही येतं. मुलांना 'एक छेद चार' लिहून दाखवण्यापेक्षा पाव आणि पाऊण म्हणून सांगा, लवकर उमजेल.

चोवीसच का, याचं उत्तर सोपं आहे. १, २, ३, ४, ६, ८, १२ आणि २४ असे आठ विभाजक या संख्येला आहेत, आणि आठ विभाजक असलेली ही सर्वांत लहान संख्या. पंचवीसला फक्त तीन : १, ५ आणि २५. विभाजक जास्त म्हणजे तिथे पोचायच्या वाटा जास्त. म्हणून चोवीसच्या मागे थेट धावू नये, त्याच्या जोड्या शोधाव्यात. हातात तिर्री असेल तर बाकीच्या तीन पानांचे आठ करता येतात का बघा, चौकी असेल तर सहा, दुर्री असेल तर बारा. ३, ५, ६, ९ आली तर नऊ आणि पाच चौदा, त्यातून सहा गेले आठ, आठ त्रिक चोवीस.

नवखे हमखास फसतात ते चौथ्या पानाला. २, ७, ८, ९ उघडली की कोणीतरी ओरडतंच, "सात, आठ, नऊ, झाले चोवीस!" मग दुर्री हातात लोंबकळत राहते. ती घेऊन नव्याने विचार करावा लागतो : सात आणि नऊ सोळा, सोळा दुणे बत्तीस, त्यातून आठ वजा. तीन पानांत चोवीस होऊन एक्का उरला तर मात्र चिंता नको, एकाने गुणून टाकायचं.

आता सगळ्या चौकड्यांचे होतात का? नाही. गुलाम ११, राणी १२, राजा १३ धरला तर चार पानांच्या किमतींच्या १,८२० वेगवेगळ्या चौकड्या संभवतात. त्यांतल्या १,३६२ सुटतात, ४५८ सुटत नाहीत. चित्रं काढून एक्क्यापासून दश्शीपर्यंतच खेळलात तर ७१५ पैकी ५६६ सुटतात. पण यावरून दर डावाची शक्यता काढू नका, कारण चौकड्या सारख्याच वेळा येत नाहीत. चारही एक्के एकाच प्रकारे येऊ शकतात; चार वेगळ्या किमतींची चौकडी मात्र रंग बदलून २५६ प्रकारे येते.

चार सारखी पानं आली तर काय होतं, हे स्वतः करून बघण्यासारखं आहे. तेरांपैकी फक्त पाच सुटतात : तिर्र्या, चौक्या, पंज्या, छक्क्या आणि राण्या. छक्क्या नुसत्या बेरजेने, तिर्र्या सत्तावीसातून तीन वजा करून, पंज्या पंचवीसातून एक वजा करून (पाच भागिले पाच म्हणजे एक, हे लक्षात यायला जरा वेळ लागतो). सर्वांत चिडवणारी चौकडी अठ्ठ्यांची. तीन अठ्ठ्यांची बेरीजच चोवीस, पण चौथीला जायला जागाच नाही!

हा खेळ चीनमध्ये साध्या पत्त्यांवर खेळला जातो. शांघायमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या रॉबर्ट सन या अभियंत्याने १९८८ मध्ये तो तिथे छापील कार्डांवर आणला. प्रत्येक कार्डावर चार आकडे, आणि अवघडपणा दाखवायला एक, दोन किंवा तीन ठिपके. त्या कार्डांवरची प्रत्येक चौकडी सुटणारी असते. मला स्वतःला घरचा जुना कॅटच जास्त आवडतो, कारण त्यात 'हे होतच नाही' असं म्हणायची सोय आहे आणि खरी भांडणं तिथेच होतात.

त्या भांडणांसाठी एक नियम आधीच ठरवून घ्या. ज्याला सुचलं त्याने पानांवर हात मारायचा, पण लगेच तोंडाने पूर्ण हिशेब सांगायचा. अडखळला तर तो त्या डावापुरता बाद. सगळ्यांनी 'होत नाही' म्हटलं तर पानं गठ्ठ्यात परत घालून पिसायची. घरात सात-आठ वर्षांचं कोणी असेल तर त्याला चारांपैकी कुठलीही तीन पानं वापरायची सवलत द्या, नाहीतर मोठी माणसं भराभर हात मारत सुटतात आणि ते पोर उठून मोबाइल घेतं. आणि सासऱ्यांसमोर एक्का आणि तीन पंज्या ठेवून बघा. तेही होतात. भाच्याला उत्तर सांगू देऊ नका.