भेट द्यावी ती संपणारी

दिवाळी उलटून पंधरा दिवस झाले की दवाखान्यात ठराविक पेशंट येऊ लागतात. गेल्या वर्षी मोरणा खोऱ्यातील एक आजी अशाच आल्या. वय सत्तरीच्या पुढे, मधुमेह बारा वर्षांचा, गोळ्या वेळेवर घेणाऱ्या. एरवी त्यांची जेवणानंतरची शुगर १८० च्या आसपास असते, ती त्या दिवशी ३४० निघाली. तोंडाला कोरड, रात्री चार-पाच वेळा लघवीला उठणे, पायांची आग. गोळ्या चुकल्या का विचारले, तर नाही. मग खाण्यात काय आले, असे विचारताच त्या हसल्या.

"थोरल्यानं कंदी पेढं आणलं, धाकट्यानं काजूकतली, लेकीनं सोनपापडीचं दोन डबं. मुंबैचा पाव्हणा आला त्यो आणि येगळाच घिऊन आला. पोरं परत गेली, डबं घरात. आता एवढ्या मोलाचं टाकायचं कसं? रोज एकेक खाऊन संपिवलं."

त्यांना रागवायचे तरी काय! आपल्याकडे अन्न टाकणे हे पाप आणि लेकराने आणलेले अन्न टाकणे हे त्याहून मोठे पाप. त्या आजींनी मिठाई जिभेसाठी खाल्ली नव्हती, मुलांच्या मायेचा मान राखण्यासाठी खाल्ली होती. चूक खाणाऱ्याची असेल, पण आणणाऱ्याचीही होती. म्हणून आजचा लेख पेशंटसाठी नाही, त्यांच्याकडे पिशवी घेऊन जाणाऱ्या मुला-मुलींसाठी, सुना-जावयांसाठी आहे.

पाटण तालुका हा चाकरमान्यांचा तालुका. माथाडी कामगारांना संघटित करणारे अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातले, आणि डोंगरातल्या वाडीवस्तीत आजही क्वचितच असे घर सापडेल, की ज्याचा एक तरी माणूस मुंबईला नाही. गणपतीला, दिवाळीला, गावच्या यात्रेला माणसे येतात आणि रिकाम्या हाताने येत नाहीत. रीत उत्तमच आहे. अडचण एवढीच, की आता घरी बसलेल्या आई-वडिलांकडे सगळे काही झाले आहे. साड्या आहेत, शाली आहेत, ब्लँकेटे आहेत, स्टीलचे डबे आहेत, भिंतीवर दोन-दोन घड्याळे आहेत. मग देणारा गोंधळतो आणि एक तर आणखी एक वस्तू आणतो, नाही तर मिठाईचा मोठा पुडा.

वस्तू आणि आरोग्याचा काय संबंध, असे वाचक विचारतील. माझ्या पाहण्यात तो फार जवळचा आहे. म्हातारी माणसे नवी वस्तू वापरत नाहीत, ठेवून देतात. ब्लँकेट पेटीत, पेटीवर दुसरी पेटी, तिच्यावर खोक्यासकट मिक्सर. पेट्या सरकत सरकत निजायच्या खोलीच्या वाटेवर येतात. रात्री वीज गेलेली, डोळ्यांत मोतीबिंदू, लघवीची घाई, आणि पायात ते खोके. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडण्यामुळे मृत्यू पावतात, आणि त्यांत साठीच्या पुढची माणसे सर्वांत अधिक असतात. खुब्याचे हाड मोडलेला म्हातारा माणूस ऑपरेशननंतरही पूर्वीसारखा चालू लागेलच याची खात्री देता येत नाही.

आपल्या भागाला आणखी एक कारण आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला झालेला भूकंप ज्यांनी अनुभवला, ते आज साठीच्या पुढे आहेत. लहानमोठे धक्के कोयना खोऱ्यात त्यानंतरही होत आले आहेत. असे असताना निजायच्या जागेच्या वर, फळीवर पितळेची घागर, शिलाई मशीनचे खोके आणि न वापरलेले कुकर रचून ठेवलेले मी पाहिले आहेत. ती फळी आधी रिकामी करा, मग नवी भेट आणा.

जुनी रीत काय सांगते

संपणारी भेट ही काही नवी कल्पना नव्हे. संक्रांतीचे सुगड आठवा. त्यात काय असते? उसाचे पेर, गाजर, बोरे, हरभऱ्याचे घाटे, गव्हाची लोंबी, तीळ. चार दिवसांत सगळे पोटात जाते आणि उरते ते मातीचे बोळके. पुढे हळदीकुंकवात वाण लुटायला प्लॅस्टिकचे डबे, चाळण्या, साबणदाण्या आल्या, आणि रथसप्तमीपर्यंत प्रत्येक घरात एकसारख्या वीस वस्तू जमू लागल्या. धोंड्याच्या महिन्यातही जावयाला तेहतीस अनारसे देतात, ते खाऊन संपायचेच असतात. २०२३ च्या अधिक श्रावणात मात्र मधुमेही जावयांनी ते एकट्यानेच संपवल्याची उदाहरणे माझ्याकडे आहेत, तो भाग वेगळा! वाटून खाण्याची रीत त्यात गृहीत आहे, हे आपण विसरलो.

सहस्रचंद्रदर्शनाच्या वेळी, म्हणजे वयाची ऐंशी वर्षे उलटून काही महिने झाल्यावर, काही घरी आजोबांची गुळाने तुला करतात. तो गूळ आजोबा खात नाहीत, गावात वाटतात. माणसाचा मान होतो आणि घरात काही साठत नाही. यापेक्षा शहाणी भेट मला तरी सुचत नाही.

खाऊ नेताना

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहभागाने झालेल्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात मधुमेही दहा कोटींहून अधिक आहेत, आणि प्रौढांपैकी सुमारे ३५ टक्क्यांना उच्च रक्तदाब आहे. म्हणजे ज्या घरी आपण जातो, तेथे या दोहोंपैकी एक तरी दुखणे असणार, असे धरूनच पिशवी भरावी.

मधुमेही घरी मिठाई न्यायचीच असेल, तर अर्धा किलो नेऊ नये. सातारचे कंदी पेढे माणसागणिक एक एवढेच घ्यावेत, बसल्या जागी सर्वांनी मिळून खावेत आणि डबा उठण्याआधी रिकामा व्हावा. "साखर नको, म्हणून गूळ आणला" हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. गुळाचा बहुतांश भाग साखरच असतो आणि रक्तातली शुगर तो तशीच वाढवतो. महाबळेश्वरचा मध उत्तम, पण मधुमेह्यासाठी तोही साखरेच्याच रांगेत. (घरात वर्षाच्या आतले बाळ असेल, तर त्याला मध अजिबात चाटवू नये, हे जाता जाता सांगतो.) च्यवनप्राशातही साखर भरपूर असते. बाटलीवर बारीक अक्षरांत लिहिलेले असते, ते वाचावे. सांगली-तासगावचे बेदाणे चांगले, पण त्यांत दोन-तृतीयांशाच्या आसपास साखर असते. मूठभर नव्हे, आठ-दहा दाणे.

मग न्यावे काय? आपल्या डोंगरातली नाचणी न्या. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, म्हणजे तेवढ्याच वजनाच्या दुधाच्या अडीच-तीन पट. नाचणीने शुगर वाढतच नाही असे मात्र नाही. गूळ घातलेल्या पातळ खिरीपेक्षा भाकरी बरी. कोरेगावचा वाघ्या घेवडा न्या. डाळ-कडधान्य पोटाला आधार देते आणि शुगर हळू चढवते. सांगलीची हळद न्या, पण शक्यतो अख्खी हळकुंडे घेऊन दळून. पिवळाधमक रंग आणण्यासाठी काही ठिकाणी हळदीत शिशाचा रंग मिसळल्याचे आढळले आहे. आमटीत पडते तेवढी हळद निर्धोक. हळदीच्या गोळ्या व कॅप्सूल मात्र भेट म्हणून देऊ नयेत, त्यांनी काहींच्या लिव्हरला इजा झाल्याची नोंद आहे.

रक्तदाब असलेल्या घरी लोणचे, पापड, खारे काजू, फरसाण नेणे म्हणजे मीठच नेणे. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट चमचाभरापेक्षा कमी मीठ, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, आणि ते सगळ्या जेवणातले मिळून. बिनमिठाचे भाजलेले शेंगदाणे किंवा बदाम चालतील. पण शेंगदाणे निवडून घ्यावेत. आपल्याकडे पावसाळ्यात हवा इतकी ओली, की शेंगेला बुरशी लागायला वेळ लागत नाही, आणि त्या बुरशीचे विष लिव्हरला घातक असते, भाजूनही ते पुरते जात नाही. कडवट, काळसर दाणा टाकायचाच. या टाकण्यात पाप नाही.

दातांचा विचार तर कोणीच करत नाही. कवळीही न बसवलेल्या आबांना चिक्की नेऊन काय उपयोग? ते ती नातवाला देतात, आणि आपण समजतो आबांना आवडली. त्यांना दाण्याचा कूट, पिकलेली पपई, मऊ चिकू परवडतो. चिकूही मधुमेह असल्यास अर्धाच.

पुडा नेहमी लहान असावा. पाव किलो पुरे. दोन माणसांच्या घरी दोन किलो बदाम खवट होतात.

दवाखान्यातल्या पेशंटसाठी

येथे मला जरा कडक बोलावे लागेल. आजारी माणसाला भेटायला जाताना शहाळे, मोसंबी, ग्लुकोजची पावडर आणि बिस्किटे न्यायची, हे ठरूनच गेले आहे. किडनीच्या पेशंटसाठी शहाळे धोक्याचे ठरू शकते. त्यात पोटॅशियम भरपूर असते, आजारी किडनी ते बाहेर टाकू शकत नाही, आणि रक्तात ते वाढले तर हृदयाचे ठोके बिघडतात, प्रसंगी थांबतात. रक्तदाबाच्या व हृदयाच्या काही गोळ्यांनीही पोटॅशियम वाढते. "कमी सोडियमचे" म्हणून मिळणारे मीठही याच कारणाने अशा पेशंटला विचारल्याशिवाय देऊ नये. ग्लुकोजची पावडर मधुमेह्याच्या उशाशी का असावी, हे मला आजवर कळलेले नाही. शुगर एकाएकी उतरली तर ती कामाची, एरवी नाही. प्रोटीनच्या डब्यांचेही तेच, किडनीवाल्याला डॉक्टरांना विचारूनच. सिस्टरना एक शब्द विचारला, तर त्या सांगतात.

न खाण्याच्या, तरीही संपणाऱ्या

मुंबईच्या मुलाने वडिलांना शुगर तपासायचे यंत्र आणून दिले, हे कौतुकाचे. पण सोबतच्या दहा पट्ट्या महिन्यात संपतात आणि यंत्र पेटीत जाते. पुढच्या वेळी नवे यंत्र नको, त्याच यंत्राच्या पट्ट्या आणा. डबीवरची मुदत पाहा. डबी एकदा उघडली की पट्ट्या ठराविक महिनेच चालतात आणि ओल्या हवेने बिघडतात. कानाच्या यंत्राचे सेल, बॅटरीचे सेल, पायांच्या भेगांसाठी व्हॅसलीन (मधुमेह्याने ते बोटांच्या बेचक्यांत लावू नये), मोबाईलचा रिचार्ज, भरलेला गॅस सिलिंडर, या सगळ्या उत्तम भेटी आहेत. सिलिंडरची भेट तर आईच्या फुप्फुसांना असते. सिलिंडर संपल्यावर पैशाअभावी पुन्हा चूल पेटवणाऱ्या आया मला ठाऊक आहेत.

लस हीही भेटच. वयस्कर माणसांना, विशेषतः दमा, मधुमेह, हृदयविकार असेल तर, फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोनियाची लस डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी. हल्ली पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एस.टी. फुकट आहे आणि बायकांना अर्धे तिकीट. तेव्हा भाड्याचा प्रश्न फारसा उरला नाही, सोबतीचा उरला आहे. एक दिवसाची रजा काढून वडिलांना मोतीबिंदूच्या तपासणीला कराडला नेऊन आणणे, याला फळीवर जागा लागत नाही.

आणि विचारावे कसे? "काय आणू?" असे विचारले, तर "काय नको बाबा, तू ये" हेच उत्तर येणार. त्यापेक्षा "घरात काय संपलंय?" असे विचारावे.

मोरणा खोऱ्यातल्या त्या आजींच्या थोरल्या मुलाला मी फोनवर एवढेच सांगितले होते. संक्रांतीला तो आला, तेव्हा दोन डब्या पट्ट्या आणि पाच किलो नाचणी घेऊन आला. तिळगूळ होताच, प्रत्येकी एक वडी. माळ्यावरचे आठ स्टीलचे डबे आजींनी शेजारणींना वाण म्हणून वाटून टाकले, त्या शेजारणींच्या माळ्यांचे काय झाले, ते मला ठाऊक नाही. फेब्रुवारीत आजी तपासणीला आल्या, तेव्हा शुगर १८६ होती. पायांची आग अजून थोडी आहे, तिच्यावर औषध चालू आहे.