युनिक्स संगणकास बॅटरीची जोड

गेल्या पावसाळ्याच्या आरंभी एके दुपारी गावची वीज गेली. शाळेच्या कचेरीतील संगणकास यूपीएसची, म्हणजे बॅटरीच्या पेटीची, जोड असल्याने आम्ही निर्धास्तपणे वर्गावर गेलो. परत येऊन पाहतो तो बॅटरी संपून संगणक एकाएकी बंद पडलेला, व नव्या प्रवेशांच्या यादीतील बराच भाग नाहीसा झालेला! चूक सर्वस्वी आमचीच होती. पेटीबरोबर आलेली यूएसबीची तार आम्ही खोक्यातच ठेवून दिली होती. त्या तारेचे महत्त्व विद्यार्थ्यांस व पालकांस कळावे, म्हणून हा लेख.

१९६९ साली अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी युनिक्सचा आरंभ केला. आमच्या संगणकावरील लिनक्स ही तिच्याच धर्तीची प्रणाली होय. दुकानदार गर्दीच्या वेळी विक्री पाटीवर टिपून मागाहून वहीत चढवितो, तद्वत् युनिक्स लिहावयाचा मजकूर प्रथम स्मृतीत ठेवते व थोड्या वेळाने तबकडीवर उतरविते. जुन्या युनिक्समध्ये हे काम दर ३० सेकंदांनी होत असे. मध्येच वीज गेली की पाटी पुसली जाते. सबब, बॅटरी संपण्यापूर्वी संगणकाने आपण होऊन आवराआवर केली पाहिजे, आणि त्याकरिता त्यास आगाऊ वर्दी मिळाली पाहिजे.

ती वर्दी तार देते. तार जोडल्यावर 'नेटवर्क यूपीएस टूल्स' हा मोफत मिळणारा कार्यक्रम संगणकावर बसवावा. त्याचा एक भाग पेटीशी बोलतो; 'यूपीएसडी' हा ती खबर विचारील त्यास सांगतो; 'यूपीएसमॉन' हा पहारेकरी होय. नुसती वीज गेली म्हणून तो संगणक बंद करीत नाही. वीज गेली आहे आणि बॅटरीही संपत आली आहे, असे दोन्ही कळले म्हणजेच तो बंद करण्याची आज्ञा देतो.

येथे एक गंमतीची अडचण आहे. संगणक आवरू लागला आणि तेवढ्यात वीज परत आली तर? पेटीच्या दृष्टीने संगणकाचा पुरवठा कधी तुटलाच नाही; मग तो पुन्हा सुरू तरी का व्हावा? तो तसाच निजून राहील. म्हणून सर्व फायली मिटल्यावर अगदी शेवटी संगणकच पेटीस सांगतो, "आता माझा पुरवठा तोड." पेटी तो तोडते व वीज असल्यास थोड्या वेळाने पुन्हा देते. वीज येताच आपोआप सुरू होण्याची खूण संगणकाच्या बायोसमध्ये करून ठेवावी लागते. ती आम्ही प्रथम विसरलोच होतो.

लेझर प्रिंटर मात्र या पेटीस लावू नये. तो एकदम फार वीज ओढतो. शिशाच्या बॅटऱ्या बहुधा ३ ते ५ वर्षांत थकतात, तेव्हा अधूनमधून परीक्षा घ्यावी. त्यासाठी भिंतीवरील बटण बंद करावे. प्लग उपटल्यास अर्थिंग तुटते.

आम्ही ही परीक्षा एका रविवारी घेतली. दहावीची चार मुले घड्याळ घेऊन उभी होती. अठराव्या मिनिटास पडद्यावर सूचना उमटली, संगणक शांतपणे बंद झाला, मग पेटीत टक् असा आवाज झाला. बटण लावताच तो आपोआप सुरू झाला, आणि यादीतील शेवटचे नावसुद्धा जागेवर होते.