चीड, बांज आणि पिरूल

वनस्पतिशास्त्रात ज्याला मृदुकाष्ठ म्हणतात ते लाकूड मऊच असते असे नाही. शंकूसारखी फळे धरणाऱ्या, सुईसारख्या पानांच्या वृक्षांच्या लाकडाला ही संज्ञा आहे. आपल्या परिचयाच्या सावरीचे लाकूड कितीही हलके असले, तरी शास्त्रीय वर्गीकरणात ते कठीण काष्ठातच मोडते! भारतातील मृदुकाष्ठाचा मोठा साठा हिमालयात आहे. देवदार, फर, स्प्रूस, कैल आणि चीड हे त्याचे प्रमुख वृक्ष होत.

एकोणिसाव्या शतकात लोहमार्गांच्या स्लीपरांसाठी प्रथम देवदार तोडला गेला. चिडीचे लाकूड लवकर किडते, म्हणून ते प्रारंभी दुर्लक्षित राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी मात्र क्रिओसोट तेल मुरवून ते टिकाऊ करता येऊ लागले, आणि चिडीच्या राळेपासून टर्पेंटाइन काढण्याचा उद्योगही वाढला. कुमाऊँ व गढवालमधील वनव्यवस्थेला त्यामुळे निराळे वळण लागले. बीजासाठी काही जुने वृक्ष राखून बाकीचे तोडावयाचे आणि मोकळ्या झालेल्या उतारावर पंखयुक्त बीजांतून नवी पिढी उगवू द्यावयाची, अशी ही पद्धत. चीड सूर्यप्रकाशाची भुकेली असल्याने ती यशस्वी झाली. शेजारच्या बांजाला, म्हणजे हिमालयातील ओकला, या हिशेबात जळण व कोळसा यांपलीकडे किंमत नव्हती.

गावकऱ्यांचा हिशेब नेमका उलटा होता. बांजाचा पाला हिवाळ्यात गुरांचा चारा होतो, गोठ्यात अंथरला की त्याचे खत होते. त्याच्या सावलीत पालापाचोळा कुजून ओलावा धरणारा जाड थर साचतो. चिडीच्या सुयांना तेथे ‘पिरूल’ म्हणतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्या गळतात, राळयुक्त असल्याने सावकाश कुजतात आणि एका ठिणगीने पेट घेतात. मोठ्या चिडीची जाड साल आगीतून तगते. बांजाची कोवळी रोपे जळून जातात. असे वणवे वारंवार लागले की चिडीची सीमा वर सरकत जाते. १९२१ साली वनखात्याच्या निर्बंधांविरुद्ध कुमाऊँत जो असंतोष उसळला, त्यात आगी लावल्या गेल्या त्या प्रामुख्याने चिडीच्या वनांना, ही गोष्ट बोलकी आहे.

तथापि सारा दोष चिडीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. ती परकी नव्हे. दक्षिणाभिमुख, रुक्ष, खडकाळ उतारांवर जेथे बांज तग धरत नाही, तेथे तीच माती धरून ठेवते. बांजाचा ऱ्हासही केवळ वनखात्याने घडविला नाही. चारा व सरपण यांसाठी झालेली अतिरिक्त छाटणीही त्याला कारण आहे. झरे आटण्याचा प्रश्न तर वृक्षांइतकाच खडकांच्या रचनेवर अवलंबून असतो.

१९८१ साली त्या वेळच्या उत्तर प्रदेशातील पर्वतीय भागात १००० मीटरहून अधिक उंचीवरील हिरव्या वृक्षांच्या व्यापारी तोडीवर बंदी आली. कुऱ्हाड थांबली, पण तेवढ्याने बांज परतला नाही. चिडीची वने उभीच राहिली, त्यांखाली पिरूल साचत राहिला, आणि २०१६ व २०२४ या वर्षी उत्तराखंडात मोठे वणवे पेटले. पिरूल गोळा करून त्याच्या कांड्या वा वीज बनविण्याचे प्रयोग तेथे चालू आहेत. बांज दूर गेलेल्या गावांतील स्त्रिया तोच पिरूल गोठ्यात अंथरतात. त्याचे खत होण्यास मात्र वेळ लागतो, आणि चारा म्हणून गुरे त्याला तोंड लावीत नाहीत.