नावेतली माणसं : मार्टिन स्ट्रेल आणि ‘बिग रिव्हर मॅन’



‘जिद्द’ हा शब्द आपण मुलांसमोर किती वेळा वापरतो? परिपाठातल्या बोधकथेत जिद्द, निबंधात जिद्द, स्नेहसंमेलनाच्या भाषणातही जिद्द. ‘मनात आणलं तर माणूस काहीही करू शकतो’ हे वाक्य तर आपल्या तोंडात बसलेलंच आहे. आज ज्या माणसाबद्दल लिहिते आहे, तो या वाक्याचा जिवंत पुरावा वाटतो. पण त्याच्यावरचा माहितीपट शिक्षकाच्या नजरेनं पाहिला, की हे वाक्य अर्धवट आहे हे लक्षात येतं.

कोण हा माणूस?

नाव मार्टिन स्ट्रेल. युरोपातल्या स्लोव्हेनिया या छोट्याशा देशाचा. जन्म १९५४ चा. गिटार शिकवणारा, म्हणजे एका अर्थानं आपल्याच जातकुळीतला. अंगानं चांगलाच जाडजूड, पोट सुटलेलं, खाण्यापिण्याचा शौकीन. खेळाडू म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जे चित्र येतं, त्यात हा माणूस कुठंच बसत नाही. आणि छंद काय, तर अख्ख्या नद्या पोहून जाणं!

२००० साली तो डॅन्यूब नदी ५८ दिवसांत पोहला. ही नदी दहा देशांतून वाहते. २००२ मध्ये अमेरिकेतली मिसिसिपी ६८ दिवसांत पोहला. २००४ मध्ये चीनमधल्या यांगत्सेत सुमारे ४,००० किलोमीटर अंतर कापलं. शांतता, मैत्री आणि स्वच्छ पाणी यांसाठी मी पोहतो, असं तो सांगायचा.

मग आली ॲमेझॉन. १ फेब्रुवारी २००७ रोजी पेरू देशातल्या अतालाया गावाजवळ तो पाण्यात उतरला आणि ७ एप्रिलला ब्राझीलमधल्या बेलें शहराजवळ पोहोचला. अंतर ५,२६८ किलोमीटर, दिवस ६६, वय ५२ वर्षं.

माहितीपटात काय आहे?

‘बिग रिव्हर मॅन’ हा माहितीपट २००९ साली आला. दिग्दर्शक जॉन मॅरिंगुइन. अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात त्याच्या छायाचित्रणाला पुरस्कारही मिळाला. सुरुवातीला आपण हसत हसत पाहतो. हा काय वल्ली माणूस आहे, असं वाटतं. उन्हानं चेहरा भाजतो म्हणून कापडाचा मुखवटा घालून पोहतोय, पिरान्हा मासे अंगावर आले तर त्यांचं लक्ष दुसरीकडे वळवायला नावेत रक्ताच्या बादल्या ठेवल्यात, आणि एवढी मोहीम चालू असताना वाइन काही सुटत नाही.

पुढं पुढं मात्र हसू थांबतं. चेहरा भाजून निघतो. मळमळ, जुलाब, चक्कर, वाढलेला रक्तदाब. शेवटी शेवटी तर मन ठिकाणावर राहत नाही. डॉक्टर पाण्यात उतरू नको म्हणतात, तरी तो उतरतोच. बेलेंला पोहोचल्यावर त्याला धरून उभं करावं लागलं आणि सत्काराला चाकांच्या खुर्चीतून न्यावं लागलं.

आता सांगा, याला जिद्द म्हणायचं की हट्ट? माझ्या मते दोन्ही म्हणता येईल, आणि मुलांसमोर दोन्ही शब्द ठेवायला हवेत.

गोष्ट सांगतो कोण?

शिक्षक म्हणून माझं लक्ष मार्टिनपेक्षा दुसऱ्याच एका माणसानं वेधून घेतलं. या माहितीपटात गोष्ट सांगणारा आवाज आहे त्याच्या मुलाचा, बोरुतचा. मोहिमेची जमवाजमव, पत्रकारांशी बोलणं, वडिलांची समजूत काढणं, त्यांच्या तब्येतीची काळजी करणं, सगळं बोरुतकडे. बाप पाण्यात आणि मुलगा नावेत. बापाचं नाव जगभर झालं. पण तो जिवंत बाहेर येतो की नाही, ही धाकधूक रोज मुलाच्या वाट्याला.

बोरुत मोठा, कळता माणूस होता. पण आपल्या वर्गात असे लहान ‘बोरुत’ असतात, बरं का! वडील रात्री घरी कसे येतील याचा अंदाज घेत जागणारा. आई आजारी म्हणून धाकट्या भावाला आंघोळ घालून, डबा भरून मग शाळेत येणारी. ही मुलं उशिरा येतात, गृहपाठ करत नाहीत, तासाला पेंगतात. आणि आपण त्यांना काय सांगतो? ‘जिद्द ठेव, सगळं जमेल.’ अहो, त्या लेकरात जिद्द कमी नाहीये, त्याला नाव कमी पडते आहे. त्याच्या बाजूनं कुणीतरी वल्हवायला हवं. ते आपण करू शकतो का, हा प्रश्न हा माहितीपट पाहून प्रत्येक शिक्षकानं स्वतःला विचारावा.

थोडं गणित करू या

५,२६८ भागिले ६६ केलं की दिवसाला साधारण ८० किलोमीटर येतात. समजा, तो रोज दहा तास पोहला, तर ताशी ८ किलोमीटर. आता तुलना करा. ऑलिंपिकमधले अव्वल जलतरणपटू १० किलोमीटरच्या शर्यतीत ताशी साडेपाच किलोमीटरच्या आसपास पोहतात. मग पोट सुटलेला ५२ वर्षांचा माणूस त्यांच्यापेक्षा वेगवान कसा?

उत्तर सोपं आहे. नदी वाहत होती! तो प्रवाहाच्या दिशेनं जात होता आणि बराचसा वेग नदीनं दिलेला होता. त्यामुळे त्याचं कर्तृत्व कमी होत नाही. ६६ दिवस रोज तितके तास पाण्यात राहणं हे कुणाही येरागबाळ्याचं काम नाही. पण मुलांना हेही कळलं पाहिजे, की मोठ्या यशात आपले हात असतात, तसा प्रवाहही असतो. काहींना तो जन्मतःच मिळतो आणि काहींना उलट्या प्रवाहात हात मारावे लागतात.

वर्गात कसं घ्यावं?

आधी एक स्पष्ट सांगते. हा माहितीपट लहान मुलांना दाखवू नका. त्यात दारू आहे, मनाची बिघडत जाणारी अवस्था आहे. तो मोठ्यांनी पाहायचा आणि मुलांना त्यातली गोष्ट आपण सांगायची. मी चौथीच्या वर्गात सांगितली. मगरी, पिरान्हा वगैरे ऐकून डोळे मोठे झाले. त्यातच मागच्या रांगेतल्या एकानं विचारलं, ‘मॅडम, पण नाव कोण चालवत होतं?’ त्या प्रश्नावर पुढचा सगळा तास रंगला.

पुढचे उपक्रम तिसरीपासून सातवीपर्यंत घेता येतील :

१. नकाशा : दक्षिण अमेरिकेच्या नकाशात पेरूपासून अटलांटिक महासागरापर्यंत ॲमेझॉनवर बोट फिरवायला सांगा. मग आपल्या गावची नदी कुठून येते आणि कुठं जाते, हे शोधायला लावा.

२. गणित : वरचा भागाकार मुलांकडून करून घ्या. ‘रोज ८० किलोमीटर म्हणजे आपल्या गावापासून कुठपर्यंत?’ असं विचारा. आकडा मुलांच्या ओळखीचा होतो.

३. भाषा : ‘जिद्द’ आणि ‘हट्ट’ असे दोन रकाने आखा. मार्टिनची कोणती कृती कोणत्या रकान्यात जाईल, यावर चर्चा होऊ द्या. एकच उत्तर येणार नाही आणि येऊही नये.

४. लेखन : ‘माझ्या नावेतली माणसं’ या विषयावर पाच ओळी. कुणी आजी लिहील, कुणी शेजारची काकू. एखाद्याला काहीच सुचलं नाही, तर त्याची वही बाजूला ठेवा आणि त्या मुलाशी नंतर एकट्यानं बोला. हा उपक्रम खरं तर त्याच्यासाठीच आहे.

पालकांसाठी

गोष्ट ऐकून मुलं नदीकडे, विहिरीकडे धावतील ही भीती खोटी नाही. त्यामुळे गोष्टीसोबत नियमही सांगायचाच : मोठं, पोहता येणारं माणूस सोबत असल्याशिवाय पाण्यात पाय टाकायचा नाही. आपल्याकडे पाठीला डबा नाहीतर भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकवायची पद्धत आहे. पण त्या डब्याइतकाच काठावर उभा असलेला मामा किंवा काका महत्त्वाचा असतो. मूल बुडायला लागलं तर उडी मारणारा तोच. मार्टिनसारख्या कसलेल्या माणसालाही सोबत नाव लागली, डॉक्टर लागले. मग आपल्या दहा वर्षांच्या लेकराला एकट्यानं पाण्यात कसं सोडायचं?

तेव्हा यापुढे ‘जिद्दीनं काहीही करता येतं’ असं सांगताना एक वाक्य जोडू या : ‘...आणि तू दमशील तेव्हा हात द्यायला आम्ही आहोत.’ मुलांना जिद्द शिकवायला पुस्तकं आहेत, गोष्टी आहेत. हे दुसरं वाक्य मात्र तुम्हाला-मला रोज वागूनच शिकवावं लागतं.