लोकहिताच्या नावानं

कासारवाडीहून लोकल पकडायची, शिवाजीनगरला उतरायचं आणि वाचनालयात जाऊन बसायचं, हा निवृत्तीनंतर लागलेला नाद. शोधायचा शब्द एकच: लोकहित. आमच्या चौकात तो फक्त फ्लेक्सवर भेटतो, तोही वाढदिवसाच्या. जुन्या वर्तमानपत्रांत तो कसा नांदत होता ते वाचताना जे हाती लागलं, ते हे असं.

१. लोकहिताची काळजी म्हाताऱ्यांनी करायची असते, असं मी धरून चाललो होतो. पगडीतल्या फोटोंचा तो परिणाम. गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ साली भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये ‘लोकहितवादी’ या नावानं पत्रं लिहायला घेतली, तेव्हा ते जेमतेम २५ वर्षांचे होते. शिवाय सरकारी नोकरीत. त्या वयात मी भोसरीच्या एका वर्कशॉपात सेकंड शिफ्टचा ओव्हरटाइम मोजत होतो आणि जगात दुसरं काही चाललंय याची मला गंधवार्ता नव्हती.

२. लोकहित म्हणजे गोड बोलणं नव्हे, हे कळलं तेव्हा जरा दचकलोच. शंभराच्या वर पत्रं, आणि त्यांत कान उपटलेत ते बहुतेक आपल्याच माणसांचे. आळस, कर्मकांडाचा पोकळ डौल, विधवांचे हाल, पुस्तकांविषयीची अनास्था. सगळंच पटतं असं नाही. इंग्रजांचं राज्य ही ईश्वरी योजना, हे त्यांचं म्हणणं माझ्या गळी उतरत नाही. पण नुसतं लिहून ते थांबले नाहीत. त्याच १८४८ साली पुण्यात जे वाचनालय निघालं, आजचं पुणे नगर वाचन मंदिर, त्याच्या उभारणीतही ते होते.

३. हा शब्द गिरणीतही जातो, याची मला कल्पना नव्हती. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात ‘दीनबंधु’ काढलं. पुढे ते मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे चालवू लागले. लोखंडे स्वतः गिरणीत स्टोअरकीपर होते. ‘लोक’ म्हणजे कोण, याचं उत्तर त्यांच्याकडे अगदी नेमकं होतं: सकाळी उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत सांच्यावर उभा असलेला माणूस, त्याची दुपारची सुट्टी, वेळेवर पगार, आठवड्याचा एक मोकळा दिवस. १८८४ मध्ये त्यांनी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी केली. तिच्याकडे ना निधी, ना नियमावली, ना सभासदांची यादी. (आमच्या युनियनचा रबरी शिक्का आणि लेटरहेड पहिल्या आठवड्यात तयार होतं. मागण्या नंतर सुचल्या.) एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर हजारो कामगार जमले, त्या सभेत बायकाही बोलल्या, आणि जूनमध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

४. आमच्या पट्ट्यात मात्र सुट्टी गुरुवारी. विजेचा भार वाटून घ्यायला प्रत्येक औद्योगिक भागाला वेगळा वार मिळाला, त्यात पिंपरी-चिंचवडच्या वाट्याला गुरुवार आला. त्यामुळे मुलांचा रविवार आणि बापाचा गुरुवार यांची आयुष्यभर चुकामूक. नोकरीभर मी त्या गुरुवारबद्दल कुरकुरलो. आठवड्याला एक दिवस सुट्टी मुळात असतेच का, हा प्रश्न डोक्यात कधी आला नाही. पाऊस पडतो तशी ती पडते असंच वाटायचं.

५. आता पिंपरी, भोसरी, चाकणला निम्म्या लाइनवर कंत्राटी पोरं आहेत. खाडा केला की पैसे कापले जातात, म्हणून हक्काच्या गुरुवारीही कित्येक जण दुसरीकडे जाऊन काम करतात. त्यांच्याबद्दल वर्तमानपत्रात वाचायला मिळतं ते बहुधा अपघात झाल्यावर.

६. लोखंडे १८९७ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या प्लेगमध्ये गेले, पन्नाशीही न गाठता. सरकारनं २००५ मध्ये त्यांचं टपाल तिकीट काढलं. तुमच्या शॉपवर त्यांचं नाव किती जणांना ठाऊक आहे, ते येत्या सुट्टीच्या आदल्या दिवशी विचारून पाहा.