टेक्स-मेक्स आणि कर्जतचा वडा : एक अभ्यास

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत खालापूर तालुक्यात महामार्गालगत नव्यानेच उघडलेल्या एका हॉटेलात जाण्याचा योग आला. निमित्त वर्गमित्राच्या वाढदिवसाचे. दारावर ‘टेक्स-मेक्स’ अशी पाटी होती. मेनूकार्ड हाती आले आणि मी गोंधळलो. बरीटो, एन्चिलाडा, केसाडिया, नाचोज! आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. अनोळखी शब्द समोर आला की आपल्यातच काही उणे आहे असे वाटण्याची मला सवय आहे. मी कार्ड मिटून ठेवले.

तेवढ्यात वेटरने मला ओळखले. शेजारच्या वाडीतला, शाळेत माझ्या दोन वर्षे पुढे असलेला दादा! बारावीनंतर त्याचे शिक्षण थांबले. तो हळूच म्हणाला, “घाबरतोस कशाला? बरीटो म्हंजे राजमा-भात चपातीत गुंडाळलेला. नाचोज म्हंजे मक्याचे तळलेले तुकडे, वर चीज. खा बिनधास्त.”

जेवण झाले, पण एका थाळीची किंमत माझ्या आईच्या एका दिवसाच्या मजुरीएवढी होती, हे डोक्यातून जाईना. राजमा, मका आणि मिरचीला एवढे मोल कशाने आले? सुट्टी संपल्यावर मी या विषयाचा मागोवा घेतला. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

टेक्सास हा पूर्वी मेक्सिकोचा प्रदेश. 1836 मध्ये तो वेगळा झाला आणि 1845 मध्ये अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सामील झाला. सरहद्द सरकली, तेथील मेक्सिकन कुटुंबांच्या चुली मात्र जागच्या जागीच राहिल्या. ‘टेक्स-मेक्स’ हे नावही मुळात खाण्याचे नव्हे. एकोणिसाव्या शतकातील टेक्सास-मेक्सिकन रेल्वेचे ते संक्षिप्त नाव. जेवणाला ते पुढे विसाव्या शतकात चिकटले.

मेक्सिकोत मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून, साल सुटली की वाटतात व त्याची पातळ भाकरी, म्हणजे टॉर्टिया, करतात. आपल्याकडे तंबाखूला लावतात तोच चुना! त्यामुळे मक्यातील एक जीवनसत्त्व अंगी लागते. टेक्सासमध्ये या जेवणात गव्हाची टॉर्टिया, पिवळे चीज, गोमांस आणि चक्क आपले जिरे यांचा वापर वाढला. नाचोजचा जन्म सरहद्दीवरील पिएद्रास नेग्रास या मेक्सिकन गावी 1940 च्या दशकाच्या आरंभी झाला. ते करणाऱ्या इग्नासिओ अनाया यांचे लाडके नाव ‘नाचो’. तेच पदार्थाला मिळाले. मेक्सिकन पाककलेच्या अभ्यासक डायना केनेडी यांचे पुस्तक 1972 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी सरहद्दीपलीकडचे हे जेवण अस्सल मानले नाही. सरमिसळ म्हणून त्याला नाके मुरडली गेली.

येथे मला आपले कर्जत स्टेशन आठवले. बोरघाटातून रेल्वे 1863 मध्ये सुरू झाली. हा चढ इतका अवघड, की सदतीस फूट पुढे जाताना गाडी एक फूट वर चढते. म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या अनेक गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने, म्हणजे ‘बँकर’, जोडतात. गाडी थांबते, तेवढ्यात प्रवासी वडा घेतात. दिवाडकरांच्या वड्याचे नाव दूरवर गेले त्याला हा थांबा पुष्कळ कारण आहे. आता हा वडा उघडून पाहू. बटाटा दक्षिण अमेरिकेचा, मिरची मेक्सिकोकडची. दोन्ही आपल्याकडे आली ती पोर्तुगीजांच्या काळात. ‘पाव’ हा शब्दही पोर्तुगीज. उरले बेसन, तेल, मीठ आणि करणाऱ्याचा हात. मग कर्जतचा वडापाव हा आपला टेक्स-मेक्सच नव्हे काय? तरी त्याला कोणी उसना म्हणत नाही.

म्हणून मला वाटते, पदार्थ अस्सल की उसना हा वाद फारसा उपयोगाचा नाही. विचारावे ते असे, की ज्यांच्या हातांनी तो केला त्यांना काय मिळाले? टेक्सासमधील सॅन अँटोनिओ शहरात मेक्सिकन स्त्रिया चौकात चुली मांडून मिरचीचे कालवण विकत. दूरचे प्रवासी ते मुद्दाम खात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आरोग्याच्या नियमांवर बोट ठेवून त्यांना तेथून उठवण्यात आले. कालवण मात्र डबाबंद होऊन दुकानांत विकले जात राहिले. नाव पुढे गेले, बाया मागे राहिल्या.

हे सारे मी आईला सांगितले, थाळीच्या किमतीसकट. ती भाकरी थापत होती. म्हणाली, “म्हंजे मिरची पण आपली न्हाय? मग ठेचा कुनाचा रे?” मी म्हणालो, “तुझा.” तिला हसू आले.

दादालाही सांगितले. तो म्हणाला, “लिहून दे. गिऱ्हाइकाला सांगीन.” हा लेख प्रथम त्याच्यासाठी लिहिला. त्याने मला मेनूकार्ड वाचायला शिकवले, त्याची ही अल्पशी परतफेड.